शेजारच्या अंगणातलं ऑलिव्ह बोन्सायसाठी काढायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत तुमच्या शेजाऱ्यांच्या मागच्या अंगणात एक जुनं ऑलिव्ह आहे, बुंधा साधारण फूटभर जाड. फळं पडून फरशी काळी होते म्हणून ते झाड काढून टाकणार आहेत आणि कंत्राटदार मार्चच्या मध्यावर येतोय. ते बोन्सायसाठी वाचवता येईल का, मुळं किती ठेवायची, पानं ठेवायची की सगळी काढायची, आणि जमल्यास पुण्याच्या भावाला एखादी फांदी पाठवता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

झाड वाचवता येईल, आणि मार्च महिना त्यासाठी चांगला आहे. डोंगरातून पाइन किंवा जुनिपर काढताना मुळाचा एकेक धागा जपावा लागतो, तसं ऑलिव्हचं नसतं. याच्या खोडाच्या तळाशी फुगीर गाठींचं एक कडं असतं. त्यात सुप्त डोळे खच्चून भरलेले असतात आणि नवी मुळंही त्याच भागातून निघतात. स्पेन-इटलीतल्या कितीतरी जुन्या बागा रोपांपासून झालेल्या नाहीत. जाड फांद्यांचे हातभर तुकडे किंवा बुंध्याच्या या गाठी तोडून जमिनीत रोवल्या आणि झाडं उभी राहिली. म्हणून ‘मुळं किती ठेवायची’ हा प्रश्न ऑलिव्हच्या बाबतीत दुसऱ्या नंबरवर येतो. पहिल्या नंबरवर चार गोष्टी आहेत: तळाच्या गाठी शाबूत राहाव्यात, तळाशी हवा खेळावी, ऊब मिळावी आणि बुंधा तसूभरही हलू नये.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ऑलिव्ह खणताना सहसा मरत नाही. ते मरतं त्यानंतरच्या जून-जुलैत, हिरवीगार पालवी फुटल्यावर, जेव्हा मालकाला वाटतं की झाड लागलं. म्हणून त्या पहिल्या उन्हाळ्यावर मी जास्त लिहिणार आहे.

आधी झाड कष्टाच्या लायकीचं आहे का ते बघा. बुंध्याभोवतीची माती हाताने आणि जाड ब्रशने चार-सहा इंच खाली सारा. जमिनीलगत बुंधा पसरट होतोय, गाठी चारी बाजूंना दिसताहेत, खोड वर जाताना निमुळतं होतंय किंवा दोन-तीन खोडं एकाच तळातून निघाली आहेत, असं असेल तर घ्या. खालून वरपर्यंत एकसारखं जाड, सरळ नळकांडं असेल तर मनापासून सांगतो, नको म्हणा. त्या नळकांड्याचं बोन्साय करण्यात दहा वर्षं जातील आणि शेवटी ते नळकांडंच राहील. जुन्या वस्त्यांतली ऑलिव्ह बहुधा ‘मिशन’ किंवा ‘मांझानिलो’ जातीची असतात. मिशन ही इथली सर्वांत जुनी जात. सॅन दिएगोचं मिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराचं ठाणं, १७६९ साली स्थापन झालं आणि त्यानंतर फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी लावलेल्या झाडांवरून तिला ते नाव पडलं. दोन्ही जाती बोन्सायला चालतात. तुमचं झाड फळं देतंय, म्हणजे ‘स्वान हिल’सारख्या बिनफळी कलमी जातीचं नाही. एरवी तीही शंका तपासून घ्यावी, कारण कलमाच्या जोडाखाली कापलं तर खालच्या खुंटाचीच पानं येतात.

परवानगीचं दोन ओळींत सांगतो, पण ते टाळू नका. शेजाऱ्यांकडून लेखी घ्या. कॅलिफोर्नियाच्या दंड संहितेतलं ३८४अ हे कलम दुसऱ्याच्या किंवा सार्वजनिक जागेतली झाडं लेखी परवानगीशिवाय काढण्याबद्दलच आहे. ठरावीक घेराच्या वरच्या झाडांना बऱ्याच शहरांत पालिकेचा परवाना लागतो. तो शेजाऱ्यांनी काढलाय ना, ते विचारून घ्या. आणि खणण्याआधी किमान दोन कामाचे दिवस ८११ वर, म्हणजे जमिनीखालच्या लाइनी दाखवणाऱ्या सेवेला, फोन करा. ते फुकट येऊन गॅसच्या आणि विजेच्या लाइनी कुठून जातात त्याच्या खुणा करून देतात. मागच्या अंगणात पहार मारायची आहे, हा फोन हवाच.

आता काळवेळ. ऑलिव्हची मुळं गार मातीत जवळजवळ झोपलेली असतात. छाट कलमं करणारे रोपवाटिकावाले तळाला २० ते २५ अंश सेल्सिअस ऊब देतात, त्यावरून अंदाज बांधा. हिवाळ्यात खोडात साठवलेलं सत्त्व फुटव्यांवर खर्च व्हायच्या आत झाड काढायचं आणि पुढे लगेच उबदार महिने मिळवून द्यायचे. आपल्या भागात हे फेब्रुवारीअखेर ते मे जमतं. मार्चची अडचण एकच, पाऊस. त्या अडचणीचं नाव ऑलिव्ह नॉट, म्हणजे फांद्यांवर खडबडीत फोड आणणारा जिवाणूजन्य रोग. तो पावसाच्या पाण्यातून ओल्या जखमांत शिरतो. म्हणून मोठे काप पुढचे चार-पाच दिवस कोरडे दिसत असतील तेव्हाच घ्या, करवत ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्या, आणि शेजारच्या झाडावर असे फोड आधीच असतील तर ते झाड सोडून द्या.

काढायच्या दिवशी क्रम असा ठेवा. आधी वरचा पसारा उतरवा, म्हणजे खालची माणसं मोकळेपणी काम करतील. खोड किती उंच ठेवायचं हे डोळ्यांपुढे आणा आणि त्याहून हातभर वर कापा. कापाच्या खाली काही इंच वाळणार हे धरून चाला, आणि डोळे नेमके कुठे फुटतील ते झाड ठरवणार, तुम्ही नाही. अंतिम उंची दोन-तीन वर्षांनी ठरते. भविष्यात उपयोगी पडेल अशा जागी बारीक जिवंत फांदी असेल तर ती राहू द्या. नसेल तर खोड पूर्ण बोडकं चालतं. तुमच्या पानांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं: मुळं जवळपास नसताना पानं ठेवली तर ती खोडातलं पाणी खेचतात, म्हणून पानांचा भार जवळजवळ शून्यावर आणायचा.

मग बुंध्यापासून वीतभर अंतरावर गोल चर घ्या, फूटभर खोल. सॅन होजेची माती चिकट आणि जड आहे, आदल्या दिवशी पाणी सोडून ठेवा. आडवी मुळं दिसतील तशी रेसिप्रोकेटिंग (पातं मागेपुढे चालणाऱ्या यांत्रिक) करवतीने कापत जा, नंतर पहार खाली घालून गोळा हलवा. दोन फूट व्यास आणि दहा इंच खोलीचा मातीचा गोळा सव्वाशे किलोच्या आसपास भरतो, वर खोडाचं वजन वेगळं. एकट्याने उचलू नका. खड्ड्यातच जेवढी माती पडेल तेवढी पाडा आणि मग ताडपत्रीवर ओढून बाहेर काढा.

बाहेर आल्यावर पाइपच्या धारेने सगळी जुनी माती धुऊन टाका. इथे जाणकारांत दोन मतं आहेत. काहीजण निम्मी माती ठेवतात आणि पुढच्या खेपेला बाकीची काढतात. मी ऑलिव्हची माती एकदाच, पूर्ण काढतो. त्याला दोन कारणं आहेत. झाड आधी लाकडी पेटीत लावायचं आहे. चिकणमातीचा गोळा आणि त्याभोवती मोकळं मिश्रण, अशा पेटीत पाणी सारखं मुरत नाही. मधला गोळा एक तर कायम ओला राहतो किंवा कोरडाठाक पडतो. दुसरं कारण म्हणजे व्हर्टिसिलियम मर. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते, टोमॅटो आणि कापसाच्या जमिनीत विशेष, आणि ऑलिव्हच्या आत शिरली की औषध नाही. शेजाऱ्यांनी त्याच अंगणात कधी टोमॅटो लावले असतील तर धुण्यात कसूर नको.

आता तळ सपाट कापायचा. गाठींच्या कड्याखाली तीन-चार बोटं ठेवून खालचं लाकूड करवतीने आडवं कापून टाका. हे करताना पोटात गोळा येतो, पण हे आज केलं नाही तर पुढे उथळ कुंडीत झाड बसणार नाही. झाडाची ताकद आज जेवढी आहे तेवढी पुढची पाच वर्षं परत नसेल. कापलेल्या जाड मुळांच्या कडा धारदार सुरीने साफ करा. नवी मुळं सालीलगतच्या हिरव्या थरातून येतात, तो थर चिंध्यांसारखा फाटलेला नको. बारीक मुळं जी असतील ती ठेवा. एकही नसली तरी हताश होऊ नका. अशा वेळी कडांना रूटिंग हॉर्मोनची, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारी, पूड लावावी. वरच्या कापांना छाटणीनंतरचा लेप लावा.

पेटी बुंध्याच्या कडेपासून चारी बाजूंना तीन इंच मोठी, सहा-सात इंच खोल, बस. ‘मोठ्या पेटीत मुळं मोकळी वाढतील’ हा विचार इथे घातक ठरतो, कारण मुळंच नसताना जास्तीचं मिश्रण नुसतं ओलं बसून राहतं. कुंपणाच्या जुन्या फळ्या चालतात, तळाला जाळी मारा. मिश्रण म्हणून मी निव्वळ प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) वापरतो, ३ ते १० मिलिमीटरचं, चाळून, पूड पूर्ण काढून. घोड्यांच्या तबेल्यात अंथरायला पोत्यांनी मिळतं ते प्युमिस स्वस्त पडतं. त्यात माती नाही, कंपोस्ट नाही, शेणखत तर मुळीच नाही. काडीने टोचत टोचत मिश्रण मुळांच्या फटींत उतरवा, तळाखाली पोकळी राहता कामा नये.

आणि मग खोड बांधा. पेटीच्या फळ्यांना स्क्रू मारून तारेने किंवा रॅचेटच्या (आवळत नेता येणाऱ्या) पट्ट्याने बुंधा इतका घट्ट करा की खोड धरून हलवलं तर पेटी हलेल, खोड नाही. नवं मूळ पहिल्या काही आठवड्यांत काचेच्या धाग्यासारखं असतं. वाऱ्याने खोड केसभर डुललं तरी ते तुटतं, झाड पुन्हा दुसरं काढतं, तेही तुटतं, आणि साठा संपतो. खतं आणि टॉनिकं यांच्यावर लोक जेवढा विचार करतात, त्याच्या निम्मा या पट्ट्यावर केला तर निम्मी झाडं वाचतील.

पेटी सिमेंटच्या गार फरशीवर ठेवू नका, दोन विटांवर उचलून ठेवा. खालून हवाही मिळते. शक्य असेल तर एप्रिलपर्यंत रोपांसाठी मिळणारी गरम चटई खाली घाला. जागा अशी हवी की सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली. पालवीने झाकलेल्या सालीला थेट उन्हाची सवय नसते, बोडक्या खोडाची पश्चिमेकडची साल मेमध्ये भाजून निघते, म्हणून ४०-५० टक्क्यांची शेडनेट लावा. पूर्ण बोडक्या खोडावर पारदर्शक प्लॅस्टिकची मोठी पिशवी सैल घालून बांधायची पद्धतही आहे. आपली हवा एप्रिलनंतर कोरडी असते, त्यामुळे तिचा फायदा होतो. फक्त पिशवीवर ऊन पडू देऊ नका, आणि डोळे बोटभर झाले की एक-एक भोक पाडत दोन-तीन आठवड्यांत ती काढा.

पाणी पहिल्या दिवशी तळातून स्वच्छ येईपर्यंत द्या. त्यानंतर वाफसा सांभाळायचा, शेतात जो सांभाळतात तोच. प्युमिसमध्ये लाकडी काडी बोटभर खोल खुपसून ठेवा. काढल्यावर टोक नुसतं दमट लागलं तर थांबा, कोरडं पडायला आलं की भरपूर पाणी द्या. पान नसलेलं झाड पाणी पीत नाही, रोज सवयीने पाणी घातलंत तर तळाचे काप कुजतील. नुसत्या खोडावर मात्र रोज बारीक फवारा मारायला हरकत नाही.

चार ते दहा आठवड्यांत डोळे फुटतील. गाठींतून आणि वरच्या कापाच्या कडेने मूठभर-मूठभर कोंब येतील. इथूनच तो धोक्याचा काळ सुरू होतो. जुन्या ऑलिव्हचं खोड म्हणजे भरलेली कणगी आहे. त्यातलं सत्त्व आणि पाणी वापरून ते मुळाशिवाय हातभर फुटवा सहज काढू शकतं. तोडून अंगणात टाकलेल्या ओंडक्यालाही पालवी येते, ती याचमुळे. तेव्हा पालवी बघून झाड लागलं असं समजायचं नाही. पहिली उष्णतेची लाट येते, पानं जेवढं पाणी उडवतात तेवढं खालून येत नाही, आणि कोवळे शेंडे माना टाकतात. मालक घाबरून पाणी वाढवतो, आणि जी दोन मुळं सुरू झालेली असतात ती गुदमरतात. मिश्रण ओलं असताना शेंडे कोमेजले तर उत्तर पाणी नव्हे. सावली वाढवा, भोवती दमटपणा वाढवा, फवारा मारा, आणि बाकी हात लावू नका.

मग मूळ धरलंय हे कळायचं कसं? उकरून मुळीच बघायचं नाही. मी एका खुणेवर सर्वांत जास्त विश्वास ठेवतो, ती म्हणजे तहान. हवा तीच, जागा तीच, पण आधी चार-पाच दिवसांनी कोरडी पडणारी काडी आता दुसऱ्या दिवशीच कोरडी निघू लागली, म्हणजे झाड खालून पाणी ओढतंय. याच्या जोडीला बहुधा दुसरी खूण येते: पहिला फुटवा काही दिवस थांबतो, पानं जाड आणि करडी-हिरवी होतात आणि मग शेंडा पुन्हा पुढे निघतो. ही दुसरी वाढ मुळांची कमाई असते. पेटीच्या जाळीतून पांढरं टोक डोकावलं तर आनंदच. या खुणा दिसल्या की शेडनेट हळूहळू काढून पूर्ण उन्हात न्या आणि पातळ खत सुरू करा, निम्म्या ताकदीचं. त्याआधी खत दिलंत तर ते घ्यायला तिथे कोणी नसतं.

पहिल्या वर्षी एकही कोंब आकारासाठी कापू नका, कितीही वेडावाकडा दिसला तरी. ऑलिव्हच्या खोडात एकेका फांदीचा एकेका मुळाशी जवळपास स्वतंत्र रस्ता असतो. तुम्ही उत्साहाने एका बाजूचे सगळे कोंब काढले तर त्या बाजूची साल तळापर्यंत वाळत जाते. याच कारणासाठी मेलेलं लाकूड कोरण्याचं कामही दोन वर्षं लांबवा. तोवर कोणत्या पट्ट्या जिवंत आहेत त्या फुगून स्वतःच दिसू लागतील, आणि कोरीवकामाच्या सीमा झाडच आखून देईल.

काही झाडं खूप उशीर करतात. जूनपर्यंत एकही डोळा नसेल तर तळाजवळ साल नखाने किंचित खरवडा. खाली हिरवट, ओलसर असेल तर वाट बघा. ऑगस्टअखेर फुटणारी ऑलिव्हही असतात. साल सुरकुतली, खाली तपकिरी निघाली आणि बुडाशी आंबूस वास येत असेल तरच ते गेलं असं समजा.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये प्रत्येक जागी एक-दोन कोंब निवडा आणि बाकीचे काढा. वळण द्यायचं ते कोंब पेन्सिलीपेक्षा बारीक असतानाच, ॲल्युमिनियमच्या तारेने. ऑलिव्हचा फुटवा जाड झाला की वाकत नाही, थेट बगलेतून निखळतो, आणि वर्षभराची फांदी हातात येते. इथल्या हिवाळी पावसाआधी एकदा आणि छाटणीनंतर एकदा तांब्याचं बुरशीनाशक फवारलं की पानांवर मोरपिसासारखे गोल डाग पाडणारी बुरशी आणि ऑलिव्ह नॉट, दोन्हींना आळा बसतो. काळा चिकट थर दिसला तर फांद्यांच्या खालच्या बाजूला खवले कीड शोधा. पेटीतून पहिल्यांदा बाहेर काढायचं ते तिसऱ्या वर्षी वसंतात, तेही तहान आणि वाढ दोन्ही जोमात असतील तर. तेव्हा मुळं विंचरून तळाची लांब मुळं आखूड करा आणि बोन्सायच्या नाही, वळण देण्याच्या काळात वापरतात तशा साध्या कुंडीत लावा. सुंदर कुंडीची घाई नको. उथळ कुंडीत गेलं की खोड आणि फांद्या जाड होण्याचा वेग जवळजवळ थांबतो.

राहिला पुण्याचा प्रश्न. फांदी पाठवू नका, सामानात तर अजिबात नाही. भारतात जिवंत रोपं किंवा कलमं आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि हा नियम कागदी नाही. इटलीच्या पुलिया भागात २०१३ साली झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू सापडला आणि त्यानंतर तिथली ऑलिव्हची बनंच्या बनं वाळली. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षबागांत पियर्स रोग आणणारा जिवाणू हाच, फक्त त्याचा उपप्रकार वेगळा. अंगणातल्या निरोगी दिसणाऱ्या फांदीत तो आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, आणि पुण्यापासून नाशिक-सांगलीची द्राक्षं दूर नाहीत. तुमच्या भावाला ऑलिव्हच हवं असेल तर त्याने भारतातच तयार झालेलं रोप घ्यावं. राजस्थानात इस्रायलच्या मदतीने २००७-०८ पासून लागवड झालेली आहे. कुंडी मात्र जून ते सप्टेंबर पत्र्याखाली किंवा पारदर्शक छताखाली ठेवावी लागेल, कारण याला उन्हाळा कोरडा आणि हिवाळा ओला अशी सवय आहे, आणि पुण्याचं वेळापत्रक बरोबर उलटं आहे. सह्याद्रीतलं त्याचं नातेवाईक पारजांभूळ त्या पावसातच वाढतं, पण तेही जंगलातून उपटून नको, रोपवाटिकेत बियांपासून केलेलं मिळालं तरच घ्यावं.

खणायच्या आधी बुंध्याची माती सारल्यावर चारी बाजूंनी फोटो काढून पाठवा, जवळ एक पट्टी ठेवून. तळाचा काप कुठून घ्यायचा आणि समोरची बाजू कोणती, हे त्यावरून ठरवू. कंत्राटदाराला तेवढं सांगून ठेवा की त्या दिवशी स्टंप ग्राइंडर (बुंध्याचा भुगा करणारं यंत्र) त्याने तुमचं काम आटोपल्यावरच आणावा.